पशुविज्ञान शिकून पुढें काय?

उन्हाळा सरतां सरतां परीक्षांचे निकाल लागूं लागले म्हणजे शहरांतील पुष्कळ घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला वैद्यकी शिकावयाची होती. गुण थोडक्यांत कमी पडले. आतां पुढें काय करावयाचें? ‘नीट’ नांवाच्या ज्या प्रवेशपरीक्षेवर वैद्यकीचा प्रवेश अवलंबून असतो, तिच्याच गुणांवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचें दारहि उघडतें. हें कोणी सुचविलें कीं घरांत क्षणभर शांतता पसरते. “म्हणजे गुरांचा डॉक्टर?” असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नांतच उत्तरहि असतें. कांहीं घरीं विषय तेथेंच मिटतो. कांहीं घरीं मन मारून प्रवेश घेतला जातो, आणि मग साडेपांच वर्षें ‘खरें शिक्षण हुकलें’ या एकाच दुःखांत काढलीं जातात. हा दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट. ज्यानें ही विद्या उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून पत्करली, त्याला तिच्यांतून निघणाऱ्या वाटा दिसतच नाहींत. न मिळालेली वाट तेवढी डोळ्यांपुढें राहते.

या वाटांचा विचार करण्यापूर्वीं एक घोटाळा दूर करणें जरूर आहे. पशुविज्ञान या एका नांवाखालीं निदान तीन निरनिराळीं शिक्षणें मोडतात. पहिलें पशुवैद्यक व पशुसंवर्धन या पदवीचें. तें साडेचार वर्षांचें असून त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. दुसरें दुग्धतंत्रज्ञानाचें, त्याचीं सरकारी महाविद्यालयें महाराष्ट्रांत उदगीरला आणि पुसदजवळ वरूडला आहेत. हीं दोन्ही शिक्षणें नागपूर येथें २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. तिसरें कृषि महाविद्यालयांतील. तेथें पशुविज्ञान व दुग्धशास्त्र हा एक विषय असतो आणि त्यांत पुढें उच्च पदवीहि घेतां येते. या तिघांत कायद्यानें मोठा भेद केलेला आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणें जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच आहे. पदविका घेतलेला मनुष्य त्याच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचार करूं शकतो, इतकेंच. कृषि पदवीधर गोठा चालवूं शकेल, पशुखाद्याचा कारखाना सांभाळूं शकेल, दूधसंघाचा कारभार पाहूं शकेल. सुई मात्र त्याला टोचतां येणार नाहीं. प्रवेशाच्या गर्दींत हा भेद कोणी विचारीत नाहीं, आणि पदवी हातीं आल्यावर कपाळाला हात लावण्याची पाळी येते.

‘गुरांचा डॉक्टर’ ही कल्पना समाजांत रुजली तिला इतिहास आहे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. त्याच्या आश्रयानें १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. तीन वर्षांनीं, म्हणजे १८८९ सालीं, पुण्यांत सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडण्यांत आली. तीच पुढें १८९३ सालीं कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरला नेली, आणि तिच्यांतूनच इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. त्या काळच्या पदवीधरापुढें काम सरळ होतें: फौजेचा घोडा चालता ठेवावयाचा आणि गांवांत शिरलेली सांथ थोपवावयाची. सांथींत सर्वांत भयंकर बुळकांडी. ती एकदां आली कीं दावणीच्या दावणी रिकाम्या होत, आणि बैल मेले म्हणजे त्या वर्षींची पेरणीहि बुडे. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत शेळीच्या शरीरांतून उतरवून घेतलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. पुढें स्वातंत्र्यानंतर ती लस, व तिच्यामागून आलेल्या अधिक चांगल्या लशी, गांवोगांव टोचीत फिरण्याचें काम पशुवैद्यांच्या दोन पिढ्यांनीं केलें. भारतांतील बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालचा. २००६ सालीं देश रोगमुक्त म्हणून जाहीर झाला आणि २०११ सालीं सारें जग. देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून समूळ नाहींसा झालेला हा दुसराच रोग होय. ज्यांनीं तो घालविला त्यांच्या तसबिरी कोणाच्याहि दिवाणखान्यांत लागलेल्या नाहींत.

सांथी संपल्या असें याचा अर्थ नव्हे. लाळ्या-खुरकूत आहे, घटसर्प व फऱ्या आहेत. २०२२ सालीं लंपी चर्मरोग महाराष्ट्राच्या गोठ्यांत फैलावला तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस घेऊन हेच लोक पुन्हां वाडीवस्तीवर हिंडले. परंतु आजच्या पशुपालकाचें घर एखाद्या सांथीनें जितकें बुडतें, त्याहून अधिक तें रोजच्या न दिसणाऱ्या तोट्यानें बुडतें. आणि या तोट्यावरचा उपाय औषधाच्या कपाटांत नाहीं, तो व्यवस्थेंत आहे. या विद्येंतील अर्ध्याहून अधिक धंदे येथें उगम पावतात, म्हणून हा भाग थोडा विस्तारानें पाहणें इष्ट.

गाय सुमारें २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत मिळावें असें मालकाला वाटत असेल, तर ३६५ मधून २८० वजा जातां ८५ दिवस उरतात. म्हणजे व्याल्यापासून या ८५ दिवसांच्या आंत ती पुन्हां गाभण राहिली पाहिजे. व्याल्यानंतरचे पहिले कांहीं आठवडे गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यांत जातात. उरलेल्या काळांत माज दर २१ दिवसांनीं येतो आणि तो अर्धा-पाऊण दिवस टिकतो. बहुधा तो रात्रीं किंवा पहाटे येतो, घर झोपलेलें असतें, आणि सकाळीं धार काढणाऱ्याला “आज दूध जरा कमी” एवढेंच जाणवतें. त्या एका बेसावध पहाटेची किंमत २१ दिवसांची वैरण व पेंड. असे तीन माज हुकले तर दोन महिने गेले. गाय भाकड उभी, खुराक चालू आणि सावकाराचें व्याजहि चालू. म्हशीची गोष्ट याहून नाजूक. ती सुमारें ३१० दिवस गाभण असते, आणि उन्हाळ्यांत तिचा माज इतका मुका असतो कीं अनुभवी गवळीहि फसतो. या ठिकाणीं रोग कोणताच नाहीं. जनावर धडधाकट आहे, औषध द्यावें असें कांहीं नाहीं, तरी घर बुडत आहे. हें ओळखावयाचें तर जनावराच्या शरीराचें ज्ञान पाहिजे आणि वहींत तारखा मांडण्याची शिस्तहि पाहिजे. निव्वळ डॉक्टर येथें अपुरा पडतो, तसा निव्वळ हिशेबनीसहि.

पशुपालकाचा पशुवैद्याला पहिला प्रश्नहि याच जातीचा असतो. माणसाच्या डॉक्टरला नातेवाईक विचारतात, “बरा होईल ना?” गोठ्यांत विचारतात, “खर्च किती येईल, आणि पुन्हां दूध देईल ना?” शहरांतून गेलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न प्रथम निष्ठुर वाटतो. वस्तुतः त्या प्रश्नामागें घरांतील मुलांची फी असते. त्याचें खरें उत्तर देणें, आणि प्रसंगीं “या उपचारांत पैसे घालूं नका” असें सांगणें, हें या धंद्यांतील सर्वांत कठीण काम होय.

आतां प्रत्यक्ष वाटा. पहिली अर्थातच सरकारी. पशुधन विकास अधिकाऱ्याची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, आणि खेड्यांतून आलेले बहुतेक पदवीधर तिच्याकडेच डोळे लावून बसतात. नोकरी प्रतिष्ठेची आहे, कामहि मोठें आहे. पण जाहिरात केव्हां निघेल याचा नेम नसतो आणि कित्येकांचीं उमेदीचीं वर्षें वाट पाहण्यांतच जातात. ‘१९६२’ या दूरध्वनि-क्रमांकावर बोलावल्यास दारीं येणारीं फिरतीं पशुवैद्यकीय पथकें अलीकडे सुरू झालीं आहेत. त्यांतील नेमणुका बहुधा कराराच्या असतात. हातीं अनुभव येण्यास त्या चांगल्या. त्यांवर संसार उभा करण्यापूर्वीं मात्र कराराचा कागद नीट वाचून पाहावा.

दुसरी वाट दुधाची, आणि ती सर्वांत रुंद आहे. २०२२-२३ या वर्षांत भारतांत २३ कोटी टनांहून अधिक दूध निघालें. जगांत कोठेंहि इतकें निघत नाहीं. हें दूध एकेका घरच्या दोन-चार जनावरांचें आहे. तें गोळा करणें, तपासणें, थंड राखणें आणि त्याचे पैसे वेळेवर पोंचविणें हा अवाढव्य कारभार आहे. या कारभाराचा पाया घालणाऱ्यांपैकीं पुष्कळजण पशुवैद्य नव्हते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आणंदला १९४९ सालीं आलेले वर्गीज कुरियन यांचें शिक्षण अभियांत्रिकीचें. त्यांच्या बाजूला दुग्धतंत्रज्ञ हरिचंद मेघा दलाया उभे होते म्हणून १९५५ सालीं म्हशीच्या दुधाची पूड निघूं शकली. अशी पूड होणें शक्य नाहीं, असें त्या काळचे पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत असत. मुंबईंत दारा खुरोडी यांनीं शहराच्या गल्लीबोळांतील तबेले हलवून १९४९ सालीं आरेची दूधवसाहत उभी केली, तीहि मुख्यत्वें व्यवस्थेचीच करामत. उरुळीकांचनला मणिभाई देसाई १९४६ सालीं गांधीजींबरोबर आले ते तेथलेच झाले. १९६७ सालीं त्यांनीं ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या थेट दारांत नेली. तोंवर माजावर आलेली गाय घेऊन शेतकऱ्याला मैलोगणती चालावें लागे. तेथें पोंचेपर्यंत माज उतरलेला असे. २१ दिवसांचा जो हिशेब वर मांडला, तो या योजनेच्या मुळाशीं होता.

परंतु पशुवैद्यानें या कारभारांत शिरून काय साधावें याचें उदाहरण हवें असेल, तर अमृता पटेल यांचें घ्यावें. त्यांचें पदवीशिक्षण मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत झालें. १९६५ सालीं त्या आणंदला कामाला लागल्या. त्या काळीं पशुवैद्यकाच्या वर्गांत मुलगी दिसणें हेंच नवल होतें. पुढें १९९८ ते २०१४ पर्यंत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें. ज्या घरांत “मुलीच्या जातीला हें झेपेल का?” असें अजून विचारलें जातें, त्या घरासाठीं हें उदाहरण पुरेसें आहे. या बाजूला जाऊं इच्छिणाऱ्यानें पदवीनंतर व्यवस्थापनाचा अभ्यास करावा. कुरियन यांनीं आणंदला १९७९ सालीं ग्रामीण व्यवस्थापनाची जी संस्था काढली, ती याच हेतूनें. २०२५ सालीं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालें तें तिच्याच आवारांत.

तिसरी वाट कोंबड्यांची. शहरी वाचकाला ती हलकी वाटते. नोकऱ्यांच्या संख्येनें पाहिलें तर ती अनेक भारी वाटांना मागें टाकील. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत कोंबड्या व इतर पाळीव पक्षी ८५ कोटींवर भरले, तर गाई-बैल मिळून सुमारें १९ कोटी आणि म्हशी-रेडे मिळून ११ कोटी. मांसाची कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाते. पुण्या-नाशकाकडे कंपनी पिलें, खाद्य व औषध देते, शेतकरी शेड व मेहनत देतो, आणि त्याला वजनावर पाळणावळ मिळते. मध्यें कंपनीचा पदवीधर पर्यवेक्षक असतो. तो रोज पांच-सहा शेडींवर फिरतो, मेलेला पक्षी उघडून पाहतो आणि किती खाद्यांत किती वजन चढलें तें मांडतो. एकूण खर्चाचा मोठा हिस्सा खाद्याचाच असल्यामुळें या गुणोत्तरांत थोडा फरक पडला कीं सगळा नफा नाहींसा होतो. काम धुळीचें व धांवपळीचें आहे. त्यांत वरिष्ठांचाहि तगादा आणि शेतकऱ्याचाहि. तरी दोन वर्षें हें केलेला मुलगा जितकें शिकतो तितकें वर्गांत कोणी शिकवूं शकत नाहीं. पशुखाद्याचे व पशुऔषधांचे कारखाने अशाच मुलांच्या शोधांत असतात. तेथील पहिली नोकरी बहुतेक वेळां विक्रीची असते, हें आधींच सांगितलेलें बरें. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यास आहारशास्त्राचें अगर प्रयोगशाळेचें काम मिळूं शकतें.

शहरांतील कुत्र्यामांजरांचा दवाखाना ही चौथी वाट. मुंबई-पुण्याच्या मुलांना प्रथम हीच दिसते, किंबहुना हीच एक दिसते. तिच्यांत पैसा आहे, पण आरंभीं जागा, क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रियेची सोय यांवर बराच खर्च करावा लागतो. म्हणून आधीं एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखालीं तीन-चार वर्षें राहावें हें उत्तम. येथें प्रश्न पुन्हां बदलतो. मालक खर्चाचें विचारीत नाहीं, तो रडतो. वृद्ध कुत्र्याला शांतपणें मरण देण्याची वेळ आली म्हणजे टेबलाभोवतीं सगळें कुटुंब उभें असतें, आणि शब्द डॉक्टरलाच शोधावे लागतात.

याशिवाय बारीक वाटा पुष्कळ आहेत. सैन्याच्या अश्व व पशुवैद्यक दलांत पदवीधरांना अधिकारपद मिळतें. या दलाचें केंद्र मीरतला आहे. बँकांच्या कृषि-अधिकारी पदांना पशुवैद्यक, पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र यांच्या पदव्या चालतात, आणि गाईसाठीं कर्ज देतांना गाय पाहून ओळखणारा मनुष्य बँकेला फार उपयोगी पडतो. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदालाहि पशुवैद्यक व दुग्धतंत्रज्ञान या पदव्या मान्य आहेत. कत्तलखान्यांतील तपासणी, प्राणिसंग्रहालयें, वनखात्याचीं बचावकेंद्रें हीं कामें आहेत. यांतील शेवटच्या दोहोंकडे मुलांचा ओढा फार, जागा मात्र मोजक्या. संशोधनाची आवड असल्यास इज्जतनगर, कर्नाल, हिसार येथील संस्था आहेत. त्या वाटेवर उच्च पदवी, मग डॉक्टरेट आणि मग स्पर्धापरीक्षा, असा बराच लांबचा पल्ला गांठावा लागतो.

उरली स्वतःच्या धंद्याची वाट, आणि तिच्याविषयीं जरा कठोर बोलणें भाग आहे. पदवी हातीं येतांच कर्ज काढून वीस संकरित गाईंचा गोठा घालणारे तरुण वर्तमानपत्रांतून छायाचित्रांसह झळकतात. तीन वर्षांनीं तोच गोठा विकावयास काढला तर त्याचें छायाचित्र कोणी छापीत नाहीं. गोठा बुडतो तो बहुधा रोगानें नव्हे. वैरणीची जमीन नसते, दोन्ही वेळांच्या धारेला माणूस मिळत नाहीं, दुधाचा भाव पाडला जातो, आणि सगळ्या गाई एकाच हंगामांत विकत घेतल्यामुळें एकाच हंगामांत भाकड होतात. ही शेवटची चूक पदवीधरानें करूं नये अशी अपेक्षा असते, आणि नेमकी तीच तो करतो. कारण व्यवस्थापनाचा तो धडा त्यानें परीक्षेपुरता वाचलेला असतो. दोन गाईंनीं आरंभ करावा, चारा आधीं पेरावा आणि वही पहिल्या दिवसापासून लिहावी. शेळ्यांचेंहि हेंच. उस्मानाबादी शेळी काटक व जुळीं देणारी खरी, पण कागदावर तिचीं पिल्लें जितक्या वेगानें वाढतात तितक्या वेगानें तीं वाड्यांत वाढत नाहींत.

१९२७ सालीं गांधीजी प्रकृतिस्वास्थ्यासाठीं बंगलोरला होते, तेव्हां तेथील सरकारी दुग्धसंस्थेंत त्यांनीं कांहीं दिवस गोपालनाचे धडे घेतले होते. ज्या घरांतील मुलाला आज पसंतीक्रमाचा अर्ज भरावयाचा आहे, त्या घरानें तितके दिवस देण्याची गरज नाहीं; दोन सकाळी पुरतील. एक सकाळ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या ओट्यावर काढावी. तेथें शेतकरी काय विचारतो, डॉक्टर काय सांगतो आणि काय सांगण्याचें टाळतो, तें मुलानें स्वतः ऐकावें. दुसऱ्या सकाळीं सहा वाजण्याच्या आंत एखाद्या दूधसंकलन केंद्रावर जाऊन उभें राहावें. किटल्या घेऊन बायामाणसें रांगेंत येतात, थोडें दूध यंत्रांत जातें, स्निग्धांशाचा आंकडा उमटतो. कोणाचा चेहरा खुलतो, कोणाचा पडतो. ज्याचा पडला त्याच्या गोठ्यांत काल काय चुकलें असेल, हें जाणून घ्यावें असें मुलाला वाटलें, तर अर्जांत पशुवैद्यकाचें नांव वर घालावें. नुसता शेणाचा वास आला आणि घड्याळाकडे लक्ष गेलें, तर तें नांव खुशाल खोडून टाकावें.